दह्याच्या बरणीचं माप

मोंब्रियाक, १४ नोव्हेंबर १९९८

प्रिय सोलांज,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. मुद्दामच शाळेतल्या बाईंकडून पत्ता लिहून घेतला, कारण माझं अक्षर ओळखून तू पत्र न फोडताच खणात टाकलं असतंस. ही लबाडी आहे, कबूल. पण आधीच्या दोन पत्रांना मिळून तुझं एका ओळीचं उत्तर आलं, आणि ती ओळ मला आता पाठ झाली आहे: "बाबांना विष घालणारीला मी बाबांच्या शेजारी झोपू देणार नाही." आईला मी ती दाखवलेली नाही. ती नार्बोनच्या इस्पितळात खिडकीजवळच्या खाटेवर आहे, आणि डॉक्टर म्हणतात आठवडा, फार तर दहा दिवस. तिला गावच्या दफनभूमीत बाबांच्या शेजारी जागा हवी आहे, दुसरं काही मागणं नाही. कबर बेर्तआत्याच्या नावावर होती, ती गेल्यापासून तुझ्या नावावर झाली, आणि तुझ्या सहीशिवाय महापौरांच्या कचेरीतला माणूस तो दगड तसूभर हलवू देणार नाही. कागद सोबत जोडला आहे. खालच्या चौकटीत सही करायची, एवढंच काम आहे.

आता तू कागद बाजूला सारला असशील. हरकत नाही, पण पत्र वाच. आपण दोघी बहिणी आहोत आणि सत्तावीस वर्षांत आपण नाताळच्या शुभेच्छांपलीकडे एकमेकींशी काही बोललो नाही. तू नांतला समुद्राकडे तोंड करून बसलीस, मी इथे द्राक्षमळ्यांत. माझं काय चाललंय हे तू विचारलं नाहीस, तरी सांगते. मी अजून बालवाडीतच आहे. मुलांची नाकं पुसते, बुटांच्या नाड्या बांधते. गुडघे गेले आहेत, आणि त्या बुटक्या खुर्च्यांवरून उठताना मी जो आवाज काढते त्याची मुलं नक्कल करतात. नक्कल उत्तम करतात, त्यामुळे रागवताही येत नाही.

दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी त्या महिन्यातल्या सगळ्या वाढदिवसांचा मिळून एक केक होतो, आणि तो अर्थातच दह्याचा. दह्याची बरणी वाडग्यात पालथी करायची आणि मग तीच रिकामी बरणी माप म्हणून धरायची. दोन बरण्या साखर, तीन बरण्या मैदा, अर्धी बरणी तेल, तीन अंडी, फुगवायची पूड. एक वाडगं, एक चमचा. ना तराजू, ना पसारा. बाईंना म्हणूनच तो आवडतो, फरशी पुसावी लागत नाही. आपल्याकडे कुठल्याही पोराला हात धुवायला लावा आणि विचारा, ते ह्याच केकचं माप सांगेल. मुलं मोठ्यानं मोजतात, दोननंतर चार म्हणतात, पुन्हा पहिल्यापासून मोजतात. मी बरणी हातात घेते आणि आधी उलटी करून तिचं बूड पाहते. पंधरा वर्षं झाली, दर महिन्याला पाहते. बालवाडीत ह्याचं कारण कुणाला सांगता येत नाही, म्हणून मी टाळ्या वाजवते.

तुला आपलं स्वयंपाकघर कितपत आठवतं कोण जाणे. नळ अंगणात होता, आणि हिवाळ्यात भांडी घासून आईच्या हाताला चिरा पडायच्या, त्यांत रात्री ती चरबी चोळायची. त्यामुळे भांडं कमी पडेल तेवढं तिला हवंच असायचं. ज्या केकपायी दोनदा नळावर जावं लागतं तो केक नव्हे, शिक्षा आहे, असं ती म्हणायची. तिचा क्रमही ठरलेला होता. आधी साखर, मग मैदा, तेल सगळ्यांत शेवटी, म्हणजे बरणी मध्ये धुवायला नको. मैद्याचं काम तुझं. स्टुलावर चढून, जीभ बाहेर काढून तू बरणी भरायचीस, बोटानं सपाट करायचीस, आणि हे काम दुसऱ्या कुणी केलेलं तुला खपायचं नाही. एकदा मी एक बरणी ओतली, तर तू मैदा परत काढायला वाडग्यात कोपरापर्यंत हात घातलास. बाबा इतके हसले की आईलाही हसावं लागलं.

बाबांविषयी बेर्तआत्यानं तुला जे सांगितलं त्यात ते संत झाले आहेत. ते संत नव्हते गं. मोठ्यानं बोलायचे, मोठ्यानं खायचे, पाद्री दिसला की टोपी जास्तच खाली ओढायचे. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत आई, मी आणि माझं बघून तू, तिघींनी गोड सोडलेलं असायचं, आणि ते मुद्दाम आपल्या तिघींसमोर मुरंबा चाटायचे. म्हणायचे, "तुमच्या वाटणीचं पाप मी करतो, स्वर्गात जाऊन माझी शिफारस करा." आई चिडायची, आणि त्यांच्यासाठी केक करायची. ती त्यांच्यावर प्रेम करत होती, सोलांज. हे वाक्य मी तुला इतक्या उघडपणे आजवर लिहिलं नव्हतं, ते माझंच चुकलं.

त्या मार्चमध्येही तसंच झालं. शनिवार होता. बाबा दिवसभरासाठी टेकडीकडच्या मळ्यात जाणार होते, छाटलेल्या वेलींना हिवाळी औषध द्यायला. ते औषध किती जहाल होतं हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि तरी सगळं गाव ते अवजारांच्या कोठीत फावड्यांच्या शेजारी ठेवायचं. मोजायला जे हाताशी येईल ते. बाबांनी दह्याची एक जुनी बरणी ठेवली होती, बुडाला लाल रंगाचा ठिपका देऊन. आईनं सकाळी केक केला, रुमालात बांधून दिला, आणि आपण तिघींनी उपवास म्हणून त्यातला कण तोंडात घातला नाही. तिसऱ्या प्रहरी शेजारच्या रूकेतकाकांनी बाबांना गाडीत आडवं घालून आणलं. रविवारी सकाळी चर्चची घंटा झाली तेव्हा ते गेलेले होते.

पुढचं तू ऐकून आहेस, पण एकाच तोंडून. पोलीस आले तेव्हा आईनं सांगितलं, "कोठीतली बरणी मी आणली. मैदा मी मोजला. घाईत होते, पाहिलं नाही." न्यायाधीशानं तिला निष्काळजीपणासाठी दोन वर्षं दिली. गावानं तेवढ्यावर भागवलं नाही. तीन तोंडं घरात असताना केक एकट्या नवऱ्याच्याच पोटात कसा गेला, हा प्रश्न पावाच्या दुकानात रोज भाजला जायचा. उपवास होता म्हटलं तर बायका म्हणायच्या, उपवास किती सोयीचा. बेर्तआत्याचा भाऊ गेला होता, तिला कुणीतरी दोषी हवंच होतं, आणि तिनं तुला उचलून नांतला नेलं. मला नेलं नाही, कारण मी अकरा वर्षांची होते आणि उलट उत्तरं देत होते. मी मठातल्या बायकांकडे राहिले, आई सुटल्यावर तिच्याकडे आले. ज्या गावानं तिला वाळीत टाकलं त्याच गावात ती परत आली आणि पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या मळ्यांत मजुरी केली. द्राक्षतोडणीच्या जेवणात तिच्या हातचं कुणी काही घ्यायचं नाही. ती आपली भाकरी घेऊन ओळीच्या टोकाला बसायची. मी चिडायचे तर म्हणायची, "माणसं घाबरतात, त्यांचं काय चुकलं?"

तुझ्या लग्नाला ती नांतला आली होती. चर्चसमोरच्या औषधाच्या दुकानाच्या आडोशाला, उसना कोट घालून उभी होती. तू तिला पाहिलंस आणि तोंड फिरवलंस, हे तिनं मला घरी परतल्यावर सांगितलं. मी तुला शिव्या दिल्या, तर माझ्यावरच ओरडली. मग म्हणाली की तुझी मान बाबांसारखी आहे, आणि तू खाऊनपिऊन सुखी दिसलीस. तेवढ्यावर तिनं पुढची नऊ वर्षं काढली. मला तुझा राग येतो सोलांज, फार येतो, आणि तो येण्याचा मला हक्क नाही हेही मला माहीत आहे. ते का, ते आता लिहायलाच हवं.

मंगळवारी मी आईला विचारलं, "तिला सांगू का?" तिला धड श्वास घेता येत नव्हता, तरी तिनं माझं मनगट धरलं. "सही नाही मिळाली तर नाही मिळाली," ती म्हणाली. "मला कुठंही पुरा. तू तोंड उघडलंस तर मी सत्तावीस वर्षं कशासाठी गिळली?" मी तिला शब्द दिला. तसाच शब्द मी अकराव्या वर्षीही दिला होता, आणि तो आजपर्यंत पाळला. घरी येताना बसमध्ये मी तो मोडायचं ठरवलं.

सोलांज, त्या सकाळी आईनं दही आणि साखर वाडग्यात घातली आणि फाटकापाशी गेली, रूकेतकाकू अंडी घेऊन आल्या होत्या आणि त्यांना बोलायला कुणीतरी लागायचंच. मी चुलीजवळ पुस्तकात डोकं घालून बसले होते. तू स्टुलावर चढलीस आणि बरणी तुझ्या हातून निसटली. आई रागावेल म्हणून तू तुकडे कोळशाच्या बादलीत दडवलेस आणि अंगणातून धावत जाऊन दुसरी बरणी घेऊन आलीस. बाबांनी त्या सकाळी घाईत ती वर फळीवर न ठेवता कोठीच्या दारातच ठेवली होती. तळाशी पांढरा थर वाळलेला होता, मैद्यासारखाच दिसणारा. तू बाहेरून आलीस, बरणी धुळकट आहे, एवढं मी पाहिलं. मी मान वर करून म्हटलं, "पुसून घे गं." धुऊन घे म्हटलं नाही. आपल्या घरात मापाची बरणी धूत नसत. तू ती एप्रनला पुसलीस आणि तीन वेळा मैदा मोजलास, बोटानं सपाट करून. मग नेहमीसारखी बोट चाटायला गेलीस, तर मी उपवासाची आठवण करून दिली आणि तू एप्रनला पुसलंस. ते एक सोडून त्या दिवशी माझ्या हातून बरं असं काही झालं नाही. आई आली तेव्हा वाडगं तयार होतं, तिनं अंडी आणि तेल घातलं आणि तुझी पाठ थोपटली. रविवारी डॉक्टरांनी विषाचं नाव घेतलं तेव्हा तिनं ओट्यावरची बरणी उलटी केली, लाल ठिपका पाहिला, बादलीत हात घालून तुकडे काढले आणि मला कोठीत नेलं. "तू पाहिलंस?" मी हो म्हटलं. "मग विसर. ती पाच वर्षांची आहे. तिला अख्खं आयुष्य ह्याच्यासोबत काढावं लागेल. माझं निम्मं झालंय." बाहेर पोलिसांची गाडी थांबत होती. तुला काही आठवत नाही हे मला माहीत आहे, आणि तुझा दोष नाही हे तर मला रोज दिसतं, कारण मी पाच वर्षांच्या मुलांतच दिवस काढते. एवढंसं असतं ते मूल. पण तू पुढची किती वर्षं हे पत्र मनात वाचत बसशील, तेही मला माहीत आहे, आणि तरी मी ते टाकते आहे, कारण तिला बाबांशेजारी झोपू न देणारी तू आहेस. कागदावर सही कर आणि पोस्टानं पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. नार्बोनची गाडी रोज आहे. तिच्यापाशी बस. हात धरलास तर बरं, पण धरवला नाही तर नुसती बस, रुसलेलं तोंड घेऊन बसलीस तरी चालेल, तिला त्याची सवय आहे. तिची माफी मात्र मागू नकोस. रडूही नकोस. तुला कळलंय हे तिला शेवटपर्यंत कळता कामा नये.

तू ठेवशील त्या नात्यानं तुझीच,
ओदेत