दाढेसाठी कोण रडतं

डॉक्टर, तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. उमरग्यातला तुमचा दातांचा दवाखाना आता एक तरुण डॉक्टरीणबाई चालवतात, आणि तुम्ही हाताखाली तयार केलेली मी अजून तिथंच आहे. जखमेवर दाबायच्या बोळ्याची घडी कशी करायची, टाके घालताना गाल कसा धरायचा, सगळं तुम्हीच शिकवलंत. ते मी विसरले नाही. पण तुम्हाला माफही केलेलं नाही.

माझी आई माकणीहून आली होती, सकाळपासून उपाशी. तिची आडवी अक्कलदाढ तुम्ही हाड कापून काढलीत आणि जड गोळ्या लिहून दिल्यात. मी भीत भीत विचारलं, "सर, मळमळीसाठी काही?" तुम्ही हातमोजे काढत आईकडं बघितलंत. "पाच बाळंतपणं काढलीस की गं माय. दाढंला काय रडतीस?" बाकावरची माणसं हसली. तोंडात बोळा धरून आईही हसली. परतीच्या एसटीत तिनं तशीच रिकाम्या पोटी गोळी घेतली. गिळलेलं रक्त वर आलं, पदरातच उलट्या झाल्या, टाके सुटले. दुसऱ्या दिवशी मी तिला पुन्हा घेऊन आले, तर तुम्ही सगळ्यांदेखत ओरडलात, "चुळा भरल्या असतील हिनं! माझं नाव घालवायला आलीस व्हय?" आणि माझी आई तुमच्यापुढं हात जोडते. "चुकलं सायेब." मी शेजारी ट्रे धरून उभी आहे.

तुम्ही गेल्यापासून मी प्रत्येक पेशंटला समोर बसवून सांगते. बधिरपणा उतरायच्या आत मऊ भात खा, मग गोळी. थुंकायचं नाही, आज चूळ नाही. मळमळलं तर तासभर पोटाला आराम द्या, मग घोट घोट पाणी. तुम्ही याला लाड म्हणायचात. तुमची शिकवण अशी रोज थोडी थोडी पुसताना मला फार बरं वाटतं.

गेल्या महिन्यात मॅडम आल्या, तुमच्या पत्नी. त्यांचीही दाढ कापून काढावी लागली. त्यांनाही मी सगळं नीट सांगितलं. दुपारी त्यांचा फोन आला, उलट्या थांबत नव्हत्या. डॉक्टरीणबाईंना विचारून मी मळमळीची गोळी घेऊन घरी गेले.

"दुखण्याची गोळी वेळेवर घेतली नव्हती का?" मी विचारलं.

"हे म्हणायचे ना, दाढेला काय रडायचं. म्हणून सोसलं. मग सोसवेना, तशा उपाशीपोटीच दोन घेतल्या."

उशा लावून मी त्यांना बसतं केलं, गालाला बर्फाचं फडकं लावलं. तासाभरानं चमच्या चमच्यानं पाणी, मग पेज. ती पोटात टिकली. तरी त्या दात आवळून बसलेल्या. मी म्हटलं, "मॅडम, दुखतंय ना? मग रडा." त्यांनी भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडं बघितलं आणि मोठ्यानं रडायला लागल्या, लहान पोरीसारख्या. तुम्ही हारात, समोर तुमची बायको दाढेसाठी रडतेय, तुमच्याच घरात. डॉक्टर, मला इतका आनंद झाला की मी त्यांना थांबवलंच नाही.

हे मी मॅडमना दाखवणार नाही आणि तुम्हाला पोचणार नाही, म्हणून लिहिते. मी उचलला तो त्यांचा तिसरा फोन होता. पहिल्या दोन्ही वेळा मी रिकामीच बसले होते. नाव दिसत होतं. मी वाजू दिला.