तिनं खुर्ची टाकली, मी बाजलं टाकलं

आवं विजूचे बापू,

पाया पडते. तुमी गेल्यापासनं तुमाला पत्र लिहिलं न्हाई. जन्मभर मद्रासकडं लिहिलीच की, त्यातली निम्मी तुमी फोडली तरी असतील का, देव जाणे. आज लिहितीया, कारण मागच्या खोलीच्या दारात बाजलं टाकून बसलीया आणि इथनं उठायचं न्हाई असं ठरवलंय. हात रिकामे हायती आणि डोकं पेटलंय. कुणावर? तुमच्या त्या मद्रासच्या घरमालकिणीवर, अम्मावर!

आधी गावचं सांगते. दिल्लीच्या, लोकसभेच्या निवडणुकीचा निकाल लागला आणि गाव उभं फाटलं. चुलत्या-पुतण्यांचं बोलणं बंद. हरलेली म्हणत्यात, बाहेरच्यांनी आमची मतं खाल्ली. जिंकलेली म्हणत्यात, आता बाहेरच्यांकडं बघतो. एवढ्या एकाच गोष्टीत दोघांचं जमलं बघा! यूपी-बिहारची पोरं जिथं जिथं भाड्यानं हायती, त्या खोल्या रविवारच्या आत मोकळ्या करायच्या, असं पारावर ठरलं.

आपल्या मागच्या खोलीत राजेश हाय, बिहारचा. फरशी बसवतो. तुमच्या माघारी घरात कुणीतरी असावं म्हणून ठेवला. लय जीव लावलाय असं न्हाई हां! मोहरीचं तेल तापवतो तवा माझं डोकं उठतं. त्यामुळं काल सकाळी तुमचे धाकटे भाऊ, आपले शिवाभावजी, चहाला बसून म्हणाले, "वैनी, त्या बिहाऱ्याला काढा, उगं गावाशी वाकडं नगं," तवा मी "काढते की" म्हणून मोकळी झाले.

दुपारी मद्रासहून, तुमच्याच दुकानातनं, विजूचा फोन आला. तिकडंबी तीच तऱ्हा! निकालानंतर चार टवाळ पोरं गल्लीत आली, म्हणाली, हे सोनं गाळणारे मराठी गलाईवाले आमचा धंदा खात्यात, आपल्या मुलखात जावा. विजू दुकानाचं शटर ओढाय लागला, तवर अम्मा वरनं खुर्ची घेऊन उतरली आणि शटरपुढं टाकून बसली. तिला धड चालवत न्हाई आता. पोरांना म्हणाली, "हा माझा मुलगा हाय. ह्याचा बाप माझ्याच घरात लहानाचा मोठा झाला." पोरं गेली निघून. विजू सांगताना रडला. "आई, अम्मा व्हती म्हणून!"

खरं सांगू? लेक सुखरूप हाय ह्याचा आनंद मागनं झाला. आधी मी जळले. म्हणं माझा मुलगा! नऊ महिने पोटात कुणी वागवला?

तुमाला काय, तुमी तिचं नाव घेताना हसायचा. वर्षातनं एकदा यात्रेला यायचा, पहिल्या दिवशी माझी भाकरी गोड लागायची आणि दुसऱ्या दिवशी सुरू, "अम्मा चिंचेचं सार काय करती, शालन!" मी केलं की न्हाई? किती वेळा केलं? बोटं चाटत म्हणायचा, "चांगलं झालंय, पण तसं न्हाई." आवं, तसं कसं हुईल? मला कवा दाखवलं तुमी, तसं म्हंजे कसं?

आणि ती मोरपंखी साडी! सगळी आळी म्हणाली, शालनला काय उठून दिसती. रात्री तुमी सांगितलं, रंग अम्मानं निवडला. तुमी मुका राहिला असता तर काय बिघडलं असतं?

ती तसली बाई असती तर बरं झालं असतं. झिंज्या धरून भांडले असते. थोरल्या बहिणीच्या वयाची बाई, माझ्या नवऱ्याला वेळेवर जेवू घालती, तिच्याशी भांडायचं तरी कशावरनं? तुमाला कावीळ झालेली, तिनं महिनाभर पथ्याचं केलं, हे मला तिच्याच तोंडनं कळलं, तुमच्या तेराव्याला ती आली तवा. विजू तिची भाषा मला सांगत व्हता आणि मी पदर तोंडात धरून ऐकत व्हते. मला का न्हाई कळवलं? मी आले असते की धावत. एकदा तरी न्हेलं का मला तिकडं?

काल रात्रभर ती खुर्ची डोळ्यापुढनं हलंना. तुमीच सांगायचा, पोरवयात गेलासा तवा भट्टीवाल्याला कुणी खोली देईना, सोनं गाळायचं म्हंजे तेजाबाचा धूर. स्टँडवर झोपायचा. तिनं मागची खोली दिली. धूर तिच्याबी नाकात गेलाच असंल की! आणि मी मोहरीच्या तेलाला नाक मुरडते. मग म्हटलं, ती परक्या मुलखातली बाई माझ्या माणसांसाठी दारात बसती, आणि मी "काढते की" म्हणते? तिच्यापेक्षा मी कमी हाय व्हय? तिनं खुर्ची टाकली न्हवं, मी बाजलं टाकलं!

सकाळी भावजी आले. "वैनी, ह्ये काय नाटक?"

"तुमचा भाऊ जन्मभर कुणाच्या खोलीत राहिला?"

"ती गोष्ट येगळी."

"आणि तुमचा पोरगा आसामात गलाई करतोय, तीबी येगळी?"

मग म्हणाले, "रविवारी सगळी येत्याल. मी एकटा काय करू?" मी म्हटलं, "माझ्या शेजारी बसा. बाजलं मोठं हाय." गेले तसंच. येतील का, काय म्हाईत.

पण आता मनातलं सांगते. मघाशी राजेश बायकोशी तोंड दिसणाऱ्या फोनवर बोलत व्हता. मला फोन दाखवून म्हणाला, "ये चाची है, इनके हाथ की भाकरी, क्या बताऊँ तुझको!" कवळी पोर हो, डोक्यावरनं पदर. हसली, हात जोडले, पण तोंड असं उतरलं! ते तोंड मी वळखते. जन्मभर माझ्याच आरशात बघितलंय.

लय वंगाळ वाटलं. मी कुणाची तरी अम्मा झाले की हो!

तवा ऐका. तुमची शपथ घिऊन सांगते, राजेशला मी घालवू देणार न्हाई. आणि यात्रा झाली की त्याच्या बायकोला इथंच बोलावून घेणार हाय. गाव एकाला काढाय निघालंय, मी दुसरीला आणते! ह्याच खोलीत चूल मांडू दे तिला. मोहरीचं तेल तापवू दे. तिच्या नवऱ्याला काय आवडतं, ते तिला माझ्याकडनं कळायला नगं.

तुमची, आणि तुमच्यावर अजून जळणारी,
शालन