दुखण्याचा आकडा

प्रिय आईला, तुझ्या शेंडेफळाचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. खोलीला खिडकी आहे, जेवण वेळेवर होतं. बोलायला कोणी नाही, त्यामुळे काम मात्र भरपूर होतं!

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाय बधिर ठेवण्याच्या दोन पद्धतींपैकी कोणती बरी, याची इथल्या हॉस्पिटलात चाचणी चालू आहे. मी पेशंटना विचारत फिरते, "शून्य ते दहा, किती दुखतंय?" आकडा मोठा असला की तासाभराने पुन्हा जायचं, नाहीतर थेट दुसऱ्या दिवशी.

एक आजी सारखं "आठ" सांगायच्या. डॉक्टरांनी औषध वाढवायचं ठरवलं. पण आजींचा चेहरा तर शांत! मी खाटेवर टेकले. "आजी, खरं सांगा. उगाच जास्तीचं औषध जाईल अंगात."

पांघरुणाशी चाळा करत त्या म्हणाल्या, "दुखत नाही गं फारसं. पण कमी सांगितलं की तू येत नाहीस."

मी डॉक्टरांना सांगितलं. औषध वाढवलं नाही, पण आजींचे आकडे चाचणीतून बाद झाले. त्या फार ओशाळल्या.

ड्युटी संपल्यावर त्यांच्यापाशी जाऊन बसले. "घरी कोण कोण असतं गं?" त्यांनी विचारलं. इथे आल्यापासून मला हे कोणीच विचारलं नव्हतं. मी जी बोलत सुटले! ऐकता ऐकता त्यांना झोप लागली, तरी मी बोलतच होते.

बाबांचा खोकला थांबला का? पत्र मोठं लिही. शेजारणीची भांडणंसुद्धा चालतील.

तुझीच,
धाकटी