पहिला नियम माझ्या अक्षरात

शके १७८६, कार्तिक व. ५
आज ओसरीवर मंडळी बसली. नऊ जण. हे जाऊन दोन वर्षे झाली, तरी यांनी काढलेल्या मंडळीची बैठक आमच्याच घरी. मी दाराआड, वाती वळत. बाजारात कापूस सरकारी मापाने तोलावा असा साहेबाकडे अर्ज करायचा. आठ सह्या झाल्या. वलगावचे गणपतराव पाटील थांबले.
"माप खोटं हाय, हे मले बी मान्य. पर सरकारचा माणूस एकदा बाजारात आला की मंग तो जाईन काहून? आपलेच पंच नेमा."
नाना वकील म्हणाले, "पाटील, दोन दगडांवर पाय ठेवू नका."
"मी एकाच दगडावर उभा हावो. तो तुमचा नाई, एवढंच."

व. ७
पाटलांना मंडळीतून काढायचे घाटते आहे. आधार पहिल्या नियमाचा : 'सभासदांस एकमत असावे.' नियम यांनीच लिहिलेले. शाळेत मुलाने उलट विचारले तर खूश होऊन घरी येणारा माणूस. त्यांना असा नियम सुचला कसा?

व. ८
पेटीतून मूळ कागद काढला. मोडीत आहे. गेल्या वर्षी त्याची बालबोध लिपीत नक्कल दिरांनी केली असे मंडळी समजते. केली मी. यांचे जुने कागद लावून लावून मोडी शिकले, त्याची हौस होती.
मोडीत शब्द सुटे नसतात. एका रेघेखाली सगळे सलग : 'सभासदांसएकमतअसावे'.
एकमत? की प्रत्येकाला एक मत?
जोडले ते मी. जोडताना क्षणभरही थांबले नाही.
अजून काही अडले की विचारायला मान यांच्या बसायच्या जागेकडे वळते.

व. १०
इतर कागद चाळले. एका नियमात, 'सही ज्याची त्याने समजून करावी.' मग एकमताची सक्ती कशाला? पण एका पत्रात, 'आपले एकमत झाले तरच साहेब ऐकेल.' दोन्ही यांचेच. गंमत वाटली, आणि रडूही.
दिरांना सांगितले. म्हणाले, "वहिनी, नक्कल बाईमाणसाची म्हटल्यावर एकही नियम कुणी मानायचं नाही."
म्हणजे गप्प बसावे तर पाटील जातात. बोलावे तर...

अमावास्या
पाटील पागोटे न उतरवता बसले, निघायच्या तयारीने. नाना वकील नियम वाचू लागले. मी मूळ कागद उंबऱ्याबाहेर ठेवला. आतूनच म्हटले, नक्कल माझी आहे, हे वाचा.
दीर खाली बघत होते. नानांनी चष्मा लावून दोनदा वाचले.
"मास्तरांच्या मनात काय होतं, बाई?"
"मला ठाऊक नाही. शब्द जोडले, तेव्हा मी स्वतःला विचारलंच नाही."
पाटील हसले. "मास्तरानं मेल्यावर बी आमाले वादात पाडलं."
नाना म्हणाले, "मग याचा अर्थ मते घेऊन ठरवू."
"घ्या ना. पर एकेकाचं घेता, का सगळ्यांचं मिळून एक?"
नानाही हसले, पण कागद खाली ठेवला नाही. पाटलांनी पागोटे काढून मांडीवर घेतले. दिवेलागण झाली, कोणी उठेना. मी पाण्याचा तांब्या बाहेर सरकवला आणि दाराशीच बसले.