न मोजलेल्या शिट्ट्या

बाई,

तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली, की धानोऱ्यात तुमचं घर विचारायचं तर तुमच्या अब्बांच्या बांगड्यांच्या दुकानाची खूण सांगावी लागते. त्या दुकानामागच्या स्वयंपाकघरात मी दहावीचं इंग्रजी शिकलो. तुम्ही पोळ्या लाटताय, मी पाटावर वही घेऊन बसलोय, आणि हिअर आणि लिसन यांत फरक काय ते मला काही केल्या सांगता येत नाही. तुम्ही म्हणालात, राहू दे, मी दुकानात जाऊन येते, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर. परत आलात तेव्हा डाळ करपली होती. किती झाल्या, विचारलंत. मला काय ठाऊक, होतच होत्या.

"शिट्टी तुले ऐकू आली, पण तू मोजली नाई," तुम्ही म्हणालात. "हिअर झालं. लिसन नाई झालं."

तीच डाळ आपण दोघं जेवलो. तुम्ही ती मला नेहमीसारखीच वाढलीत, त्यामुळे मला जास्तच लाज वाटली.

मी शाळा सोडताना तुम्ही सारख्या वाटणाऱ्या शब्दांची वही दिलीत. पानावर दोनच शब्द, खाली आपल्याच गावची वाक्यं. लुक या शब्दाखाली आरशासमोरून न हलणारी तुमची बहीण, सी या शब्दाखाली तिला रस्त्यात दिसलेलं अस्वल. त्या वहीच्या जोरावर मला गडचिरोलीत एका ऑफिसात काम मिळालं. गावोगावच्या सभांना जायचं आणि तिथं काय झालं ते इंग्रजीत लिहायचं.

अशाच एका सभेची गोष्ट आहे. गावाच्या मोहाच्या झाडांमधून खाणीच्या ट्रकांसाठी रस्ता न्यायचा होता. आमच्या ऑफिसातले साहेब तासभर बोलले. सगळे मान खाली घालून ऐकत होते. शेवटी गावातले सर्वांत म्हातारे भाऊ उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "जेवून जा." बाई, पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायचं नसतं ही आमच्याकडची रीत. पटलेल्या गोष्टीवर माणसं दोन-चार दिवस आपसात भांडतात, मग निरोप पाठवतात. न पटलेल्या गोष्टीवर जेवायला बसवतात. मी त्याच भागातला. भात वाढला जात होता तेव्हाच मला उत्तर कळलं होतं.

अहवालात मी आधी लिहिलं, गावाने ऐकलं, इंग्रजीत हर्ड. साहेबांनी विचारलं, म्हणजे आपण पुन्हा जायचं का? आवाज शांतच होता. माझं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं. मी हर्ड खोडलं आणि तिथं अग्रीड लिहिलं, म्हणजे गावाला मान्य. तुमची वही टेबलाच्या खणात होती. खण मी उघडला नाही.

आता तिथं मोह नाही. चैत्रात पहाटे मोहफुलं वेचायला टोपल्या घेऊन निघणाऱ्या बाया दिसत नाहीत, उरलेल्या इतर झाडांच्या पानांवर लाल धूळ असते. अहवालाचा कागद बदलता येतो का म्हणून मी दोन-तीन ठिकाणी विचारून आलो. बदलला तरी झाडं काही उभी राहणार नाहीत. मागच्या महिन्यात ते भाऊ बाजारात भेटले. चिडले नव्हते.

"बाबू, तू आमचं इंग्रजीत काय लिहून ठेवलं?"

तुम्ही जे म्हटलं तेच, मी म्हणालो.

"आमी तं काईच म्हटलं नाई," ते म्हणाले, आणि मला चहा पाजला.

तो चहा मी प्यायलो, बाई.

हे पत्र मी इंग्रजीत लिहायला बसलो होतो, तुम्हाला आवडलं असतं म्हणून. पहिल्याच ओळीत मिस्टेक लिहिलं आणि थांबलो. तुमच्या वहीत त्या पानावर दुसरा शब्द फॉल्ट आहे, आणि खाली तुमच्या अक्षरात करपलेल्या डाळीचं वाक्य. कोणत्या शब्दाखाली आहे ते मला पाठ आहे. पत्राचा तो कागद फाडला आणि मराठीत सुरुवात केली. मराठीत दोन्हींना चूक म्हटलं की निभावून जातं.