मशीन नवं, दोष दादाचा

१९ ऑक्टोबर १९८८

खंडेनवमी. मिरजोळ्याच्या आमच्या मासळीच्या कारखान्यात शेठनी सगळ्या यंत्रांची पूजा केली — बर्फाचं मशीन, ट्रक, आणि यंदा नवा कोरा कॉम्प्युटर! हळद, कुंकू, झेंडू. फ्लॉपी घालायच्या फटीलासुद्धा मूठभर कुंकू. माझा भाऊ राजारामदादा ओरडलाच — "शेठ, तिथं नको!" शेठ म्हणाले, "तुम्हा लोकांना पूजेचं वावडं, ठाऊक आहे."

तुम्हा लोकांना! म्हणजे जातच काढली. प्रोग्रॅम दादानं लिहिला, मशीन मी चालवते — ते चालतं!

२४ ऑक्टोबर

कॉम्प्युटर अडला. गाड्यांचे कागद छापेना. गाड्या फाटकात उभ्या, बर्फ वितळतोय, ड्रायव्हर शिव्या देतायत.

मुंबईची कंपनी फोनवर विचारते — बिघाड मशीनचा की प्रोग्रॅमचा? मशीनचा असेल तरच माणूस पाठवू. शेठ फाडकन म्हणाले, "प्रोग्रॅमचा! मशीन नवं आहे, पूजा केलेलं आहे."

२६ ऑक्टोबर

दादा म्हणतो, प्रोग्रॅम चुकला असता तर तेच काम दिलं की दर वेळी तिथंच अडला असता. हा कधी पहिल्याच गाडीला अडतो, कधी शेवटच्या. म्हणजे मशीनच. शेठना सांगायला गेले तर — "भावाची वकिली नको." असा संताप आला!

३१ ऑक्टोबर

दादा धड जेवत नाही. ओळ न् ओळ तपासत बसतो.

२ नोव्हेंबर

त्यानं दोन ओळी बदलल्या आणि कालपासून मशीन सुरळीत! दादाचं तोंड एवढंसं झालं. "माझीच चूक होती गो, मैना." शेठना जाऊन सगळ्यांदेखत तेच सांगितलं. मी म्हणत होते, थांब रे, चार दिवस बघू. ऐकेल तर शपथ!

४ नोव्हेंबर

पुन्हा अडला. गाडीभर कोळंबी नासली. शेठनी दादाला हाकललं.

मी गुपचूप मुंबईला फोन लावला. ठासून सांगितलं — बिघाड मशीनचा आहे, या.

८ नोव्हेंबर

इंजिनिअर आला. मशीन उघडलं. फ्लॉपी वाचणाऱ्या भागावर कुंकू! दमट हवेनं चिकटून बसलेलं. पुसलं, आणि दादाचा पहिला, न बदललेला प्रोग्रॅम घातला. सरळ चालला!

शेठना म्हटलं, आता तरी दादाला बोलवा. "त्यानं स्वतः कबूल केलंन ना? मग झालं."

९ नोव्हेंबर

दादाला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कुंकू असेल गो. पण माझ्याही प्रोग्रॅमात काहीतरी असणारच."