नागपूरच्या समुद्राची हजेरी

१७ डिसेंबर २०२४, मंगळवार

आज मी समुद्र पाहिला. वयाच्या बहात्तराव्या वर्षी, नागपूरबाहेर, बेसाच्या चार किलोमीटर पुढे.

चौतीस वर्षं रामटेकच्या शाळेत मराठी शिकवलं. समुद्राची कविता दरवर्षी असायचीच. पोरांनी समुद्र पाहिलेला नाही, मीही नाही. मग निळ्या खडूनं फळाभर लाटा काढायचो आणि वर्गाला बाकांवर डोलायला लावायचो. एकानं विचारलं होतं, सर, आपल्या अंबाळ्याच्या तलावाहून मोठा असते का? मी म्हणालो, बराच. माझी माहिती तेवढीच होती.

इथं मोडलेल्या संत्र्याच्या बागेवर कोकणातून सोळा ट्रक वाळू आणून पसरली आहे. पुढे दोनशे फुटांचा हौद, लाटा उठवणारं यंत्र, नारळाची दोन झाडं, त्यांतलं एक प्लॅस्टिकचं. स्पीकरमधून गाज वाजते. रविवारी इथं ‘गाज महोत्सव’, तोवर तालमी आणि तंबूंत मुक्काम. एकाच मंचावर ख्याल, आमच्याकडची तमाशासारखी खडी गंमत, गिटार, भीमगीतं आणि रॅप. समुद्र नसलेल्या गावानं समुद्रकाठी गायचं ठरवलं, ही जिद्द मला फार आवडली.

मी निवेदक. गळ्यातल्या पासवर नाव नाही, नुसतं ‘निवेदक’. आयोजक मिनल तिशीतली, सतत फोनवर. म्हणाली, नाव छापायचं राहिलं, पण तुम्हाला सगळे सर म्हणूनच ओळखतात ना. खरं आहे. थोरला भाऊ गेल्यापासून मला नावानं हाक मारणारं कोणी उरलेलं नाही.

आलो तो मात्र दीक्षासाठी. पंधरा वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनात ती पाचवीतली पोर निळ्या रिबिनी बांधून पडद्यामागे उभी होती. निवेदक मीच. दोन गाण्यांच्या मध्ये कविता म्हणण्याच्या नादात तिची चिठ्ठी खिशातच राहिली. राष्ट्रगीत झालं, पडदा पडला, ती न गाता घरी गेली. दुसऱ्या दिवशी हजेरीला ती नेहमीसारखी हजर म्हणाली. मला मान वर करता आली नाही. आता तिची भीमगीतं नागपूरभर ऐकतात. रविवारी शेवटचा कार्यक्रम तिचा. या खेपेला तिचं नाव मी पुकारणार.

१८ डिसेंबर, बुधवार

सकाळी तर्री-पोहे खाताना एकवीस कलाकार एकत्र दिसले आणि हात शिवशिवले. जुनं हजेरीबुक सोबत होतंच. घेतली हजेरी.

पहिलं नाव दीक्षाचं लिहिलं होतं. ती पाचवीतल्यासारखी ताडकन उठून हजर सर म्हणाली. मी मान वर करून बघितलं. गिटारवाला प्रेमानंद यस सर म्हणाला, तशी पोरं हसली. तळाशी दोन नावं. ख्याल गाणाऱ्या सिंधूताई म्हणाल्या, आहे हो, जाते कुठे. मौद्याकडचे चंपतराव, खडी गंमतवाले, त्यांनी हजरऐवजी ढोलकीवर एक थाप दिली. तीही मांडून घेतली.

मग चंपतराव मला पाण्याकडे घेऊन गेले. म्हणाले, काहून गा मास्तर, ते पोरगी म्हणते टँकरचं पानी हाय, मंग हे खारं काहून लागून रायलं? मी बोट चाखलं. खारट होतं. मिनल म्हणाली, वाळूतलं मीठ असेल.

मला तर आनंदच झाला.

१९ डिसेंबर, गुरुवार

लाटांचं यंत्र कालच बिघडलं. मिस्त्रीनं ते उचलून वाळूवर ठेवलं आहे, तारा तोडून. लाटा येतच आहेत. काल पाणी प्लॅस्टिकच्या नारळापर्यंत होतं, आज त्याच्या चार पावलं अलीकडे आलं आहे. मी मोजली.

प्रेमानंद झोपून राहिला, म्हणून हजेरीत त्याचं नाव गाळून पुढे गेलो. दुपारी तो तालमीसाठी पाण्यात घोट्यापर्यंत उभा राहून वाजवत होता. पोरगं गोड वाजवतं. त्यानं तारांवरून हात काढला, तरी शेवटचा सूर गाजेत मिसळून बराच वेळ ऐकू येत राहिला. मी चहाला वळलो.

२० डिसेंबर, शुक्रवार

प्रेमानंद नाही.

हजेरीत त्याचं नाव घेतलं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सिंधूताई म्हणाल्या, कोण प्रेमानंद? मिनलनं छापील कार्यक्रमपत्रिका दाखवली. दुसऱ्या आणि चौथ्या कार्यक्रमांच्या मध्ये कोरी जागा होती. तिला ती खटकलीसुद्धा नाही. तंबूत गिटारची पेटी होती. आत ओली वाळू.

परत पुकारलं. तिसऱ्यांदा पाण्याकडून उत्तर आलं, यस सर. आवाज त्याचाच.

कोणी वळून पाहिलं नाही. फक्त दीक्षानं माझा दंड धरला. म्हणाली, सर, मलेबी ऐकू आलं. मी घाईनं हजेरीबुक मिटलं.

तिला म्हटलं, बॅग भर, रामटेकची बस पकड. ती म्हणाली, एकदा न गाता घरी गेली मी, दुसऱ्यांदा नाही जाणार. आन् आपण पळालो तर प्रेमानंदले हाक कोण मारन?

पाचवीतच धीट होती. आम्हालाच दिसलं नाही.

२१ डिसेंबर, शनिवार, सकाळ

सिंधूताई नाहीत. चंपतराव नाहीत. पत्रिकेत आणखी दोन कोऱ्या जागा. ढोलकीच्या जागी वाळूचा ढीग.

हजेरीबुक उघडलं आणि कळलं. काल घाबरून प्रेमानंदच्या नावावर मिटलं होतं. त्याच्या खाली दोनच नावं होती. परवा गाळलं ते प्रेमानंदचं.

ज्याला पुकारायचं राहिलं त्याला पाणी घेऊन जातं. आणि प्रत्येक वेळी राहिलं ते माझ्याकडूनच. पंधरा वर्षांपूर्वीही.

आज सगळी नावं दोनदा घेतली. पाणी जेवणाच्या मांडवापर्यंत आलं आहे. मिनल म्हणते, इफेक्ट भारी येऊन राहिला, सर.

दुपार

पाण्याच्या काठाशी उभा राहिलो. उजव्या हाताला दीक्षा. सिंधूताईंचं नाव पुकारलं. सातव्यांदा लाटेतून आवाज आला, आहे हो, जाते कुठे.

आवाज वर्गातल्यासारखा लावला. समुद्राला सांगितलं की हा माझा वर्ग आहे. इथून विचारल्याशिवाय कोणी जात नाही. आणि हजर म्हणणाऱ्यानं उभं राहायचं असतं. उभ्या राहा, सिंधूताई.

पाण्यातून आधी अंबाडा आला, मग मिटलेले डोळे, मग खांदे. गुडघाभर पाण्यात त्या कमरेपर्यंत वर आल्या, जणू खाली जिना होता. चालत आल्या, खोकून वाळू टाकली, डोळे उघडले आणि चहा मागितला. काही आठवत नाही त्यांना.

तळहात निळे होते. मी बोटानं पुसून पाहिलं. खडू.

चौतीस वर्षं फळ्यावर काढला होता मी हा समुद्र. कधी नीट पुसला नाही, तास संपला की तसाच टाकून यायचो.

ठीक आहे. माझाच असेल तर माझं ऐकेल.

२२ डिसेंबर, रविवार, सकाळ

चंपतराव आले. आधी थाप ऐकू आली, मग ते. विचारलं, मास्तर, मी पान्यात काय करून रायलो गा? म्हटलं, बसा, शेकोटीपाशी बसा.

प्रेमानंदला एकोणीस हाका लागल्या. घसा बसला. पण उभा राहिला पोरगा. बोटं पांढरी, सालं निघालेली. पत्रिकेतल्या कोऱ्या जागा भरून आल्या.

एकवीसच्या एकवीस.

दुपार

मिनलला सांगितलं, कार्यक्रम बंद कर. ती म्हणाली, लोक यायला लागले, सर. खरंच येत आहेत. खुर्च्या पाण्यात आहेत. बसतात, पाय वर घेत नाहीत.

आम्ही ठरवलं. जो गाईल त्याचं नाव आधी, मध्ये आणि नंतर. मी माइक सोडणार नाही.

संध्याकाळ. मंचाच्या कडेला बसून लिहितो

सिंधूताई गायल्या. हजर.

प्रेमानंद वाजवून आला. हजर.

चंपतरावांनी समुद्रालाच शिव्या देत गवळण म्हटली. लोक हसले. लाट थबकली, मी पाहिलं. हजर.

पाणी मंचाच्या तिसऱ्या पायरीवर —

बाकीचेही सगळे हजर. आता शेवटचं नाव तिचं. चिठ्ठी हातातच आहे. या खेपेला खिशात ठेवली नाही.

पुकारलं. दीक्षा संघपाल रामटेके. बापाच्या नावासकट, शाळेच्या दाखल्यावर आहे तसं.

ती आली. हजर सर म्हणाली, सगळ्या लोकांसमोर. गाते आहे. लाट तिच्या पावलांपर्यंत येते आणि मागे जाते. येते आणि मागे जाते. ती एक पाऊल हटत नाही. काय गाते ही पोर —

झालं. माझं काम झालं. एकवीस हजर. हरला समुद्र.

थोड्या वेळानं

गाज बदलली.

नावं घेते आहे. माझ्याच चालीत, माझ्यासारखी प्रत्येक नावानंतर थांबून. दीक्षा. प्रेमानंद. सिंधूताई. सगळे इथून हजर म्हणत आहेत. कोणी गळलं नाही.

तरी थांबत नाही. एक नाव राहिलं म्हणते.

हजेरीबुक दोनदा पाहिलं. राहिलेलं नाही. एकवीसच —

हजेरीत मास्तरांचं नाव नसतं.

मिनलला विचारलं, माझं नाव काय? म्हणाली, सर. चंपतरावांना विचारलं. मास्तर, म्हणाले, आणि मग त्यांचा चेहरा उतरला. पासवर नाही. या वहीच्या पहिल्या पानावर होतं, तिथं निळा डाग —

पाणी घोट्याला. गार नाही. ओळखीचं.

दीक्षानं गाणं थांबवलं. माइकवरून विचारते आहे. सर, तुमचं नाव सांगा. मी पुकारते. सांगा सर —

शहाणी पोर. गाऊ दिलं नव्हतं मी हिला.

घसा बसला आहे. आवाज निघत नाही. लिहून दाखवतो, ती वाचेल. पाणी गुडघ्याला. वही वर धरली आहे.

थोरला भाऊ अंगणातून हाक मारायचा, जेवायला ये म्हणून, तसं — आलं. आठवलं. मी जात नाही. मोठ्या अक्षरांत लिहितो, तिला लांबून दिसेल असं

माझं नाव